पसंद नेसणारीची

शहागंजातल्या लुगड्याच्या दुकानात एक जण गादीवर बसायचा. बोलता बोलता लुगड्यावरनं हात फिरवायचा, जणू मांजरच हाय.

नवरा गेल्यावर म्या धुणीभांडी करून लेक वाढवली. तिच्या लग्नाचं लुगडं घ्यायला गेलो, तर दिरानं एक उचललं. "हेच बांधा."

गादीवरल्यानं बांधायला कागद घेतलाच नाय. म्हणला, "दादा, ही तुमची मर्जी झाली. पसंद नेसणारीची असती." अन् लेकीपुढं ढीग टाकला. लेकीनं भीत भीत हिरवं ओढलं. दीर फुगला.

मंग गादीवरला मला म्हणला, "आक्का, तुमाला कोणतं?"

माझं लुगडं आजवर दुसऱ्यानंच आणलेलं. म्हणलं, "कायबी द्या."

"कायबी नावाचं लुगडं ठेवत नाय आमी."

लई हसले मी. मंग जांभळ्याकडं बोट केलं. आता त्याची गोधडी झालीय, पर रंग हाय अजून.