कुलूप न उघडणारा शेजारी

आमचा हा शेजारी दार सताड उघडं असलं तरी बाहेरून कडी वाजवायचा. आत आला की दोन्ही हात काखेत दाबून कपाटापासून लांब बसायचा. कुलपं उघडून चोऱ्या केल्या म्हणून तुरुंगात जाऊन आल्ता. "म्या समदं सोडून देलं," हे कुणी न विचारताच सांगायचा.

बायको वारलेली, लहान पोरगी त्याच्या सासऱ्याकडं. ती परत मिळावी म्हणून त्यानं भोकरदनच्या कोर्टात अर्ज केला. मी तिथंच कारकून. निकालाच्या दिवशी अर्ज कपाटात कुलूपबंद आणि चावी शिपायाच्या खिशात. शिपाई शहागडला लग्नाला गेल्ता. अर्ज समोर नसला तर निकाल होत नाही.

सासरा म्हणाला, "मंग पोरीला मी घेऊन जातो, साहेब."

सगळ्यांनी माझ्या शेजाऱ्याकडं पाहिलं. कुलूप उघडलं तर चोर ठरणार, न उघडलं तर पोरगी जाणार.

"मला कुलूप उघडता येत न्हाई," तो म्हणाला.

मुन्सफसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा." आणि आधी स्वतः वळले. सासराही वळला, फक्त खिसा घट्ट धरून. भिंतीशी नाक लावून मी एक बारीक खट्ट ऐकलं.

मागं पाहिलं तर कपाट उघडं, आणि तो जागच्या जागी, हात काखेत. पोरगी तेवढी वळली नव्हती.

"कुणी उघडलं गं?" सासऱ्यानं तिला विचारलं.

तिनंही दोन्ही हात काखेत दाबले. "उघडंच होतं, आबा."

साहेबांनी पोरगी बापाला दिली. न देऊन करणार काय?