मेव्हिसने राखून ठेवलेली खुर्ची

मेव्हिस हॅस्लम गोड बाई होती असं मी म्हणणार नाही. इंग्लंडातल्या कॉल्डरशॉ गावच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं नोकरी केली. परत करायची पुस्तकं ती माझ्यासमोर अशी आपटायची, जणू ती मीच लिहिली होती.

तरुणपणी ती सूतगिरणीत होती. एकाहत्तर साली नगरपालिकेने त्यांची जुनी गल्ली पाडली आणि मेव्हिसला आणि तिच्या नवऱ्याला नव्या सिमेंटच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर दिलं. पहिल्याच हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटलं. पलंगामागे काळी बुरशी चढली. पुढच्या वर्षी जेनेट जन्मली आणि थंडी पडताच तिची छाती भरायला लागली. मेव्हिस नगरपालिकेच्या घरांच्या कचेरीत सहा वेळा जाऊन आली. सातव्यांदा गेली तेव्हा कुठे क्लिफर्ड बर्टवेल नावाचा तरुण अधिकारी घर बघायला आला. त्याने भिंतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "बाई, भिंतीला काही झालेलं नाही, ही श्वासाची वाफ आहे. तुम्ही लोक श्वास फार घेता. खिडकी उघडी ठेवत जा."

फेब्रुवारीत जेनेट गेली. अकरा महिन्यांची होती.

वर्षभराने टीव्हीसाठी नाटकं लिहिणारा लेनर्ड पाइक नावाचा काटकुळा तरुण त्या इमारतीत फिरायला लागला. मेव्हिसच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा आणि लिहून घ्यायचा. तिने सगळं सांगितलं.

"ते श्वासाचं वाक्य जसंच्या तसं घेऊ का?" त्याने विचारलं.

"घे. पण एक अक्षर बदललंस तर जिन्यावरून ढकलून देईन."

नाटकाचं चित्रीकरण त्याच इमारतीत झालं. टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी गावात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तेव्हा वाहिन्या तीनच. सगळा देश एकच गोष्ट बघायचा आणि दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत त्यावरून भांडायचा. संसदेत प्रश्न विचारले गेले, दोन वर्षांत ती इमारत रिकामी झाली. नाटकातल्या अधिकाऱ्याचं नाव मात्र वेगळं होतं. बर्टवेलला कुणी काही विचारलं नाही. तो चढत गेला. नगरसेवक झाला, महापौर झाला, राणीच्या सन्मानांच्या यादीत नाव लागून छातीवर पदकही आलं.

मेव्हिस गप्प होती. विसरली नव्हती.

दोन हजार दहा साली, निवृत्त बर्टवेलने गावच्या साप्ताहिकात आठवणी लिहायला घेतल्या. एक दिवस मेव्हिस तो अंक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "वाच. मोठ्याने."

मी वाचलं. त्या गाजलेल्या नाटकामागे आपणच होतो, असं त्याने लिहिलं होतं. ओल्या भिंतींविरुद्ध पहिला आवाज म्हणे त्याने उठवला होता.

"आता सांग," ती म्हणाली, "त्या नाटकाची प्रत कुठे मिळेल?"

वाहिनीने टेप कधीच पुसून टाकली होती. पाइक वारला होता. आठ महिने पत्रं लिहिल्यावर लीड्समधल्या त्याच्या बहिणीकडे, कपाटात, कोटांच्या खाली एक प्रत सापडली. मग मेव्हिसने वाचनालयाच्या सभागृहात जुन्या टीव्ही नाटकांची दुपार ठरवली. प्रमुख पाहुणे क्लिफर्ड बर्टवेल. त्याला पाठवायचं पत्र तिने सांगितलं, मी टाइप केलं. 'आपल्यासारख्यांमुळेच' हा शब्द सांगताना तिच्या ओठाचा एक कोपरा तेवढा हलला.

तिची मैत्रीण नोरा भडकली. "त्याला बोलावतेस? वर पहिल्या रांगेत बसवतेस?"

"पहिल्या रांगेत. दारापासून लांबच्या टोकाला."

"ते का?"

"पळायचं झालं तर सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागेल."

नोव्हेंबरातला रविवार होता. खिम्याचे गरम पॅटिस आणि शिजवलेले वाटाणे खाऊन लोक स्थिरावले. खुर्च्या कमी पडल्या. बर्टवेल पदक लावून आला होता. भाषणही चांगलं केलं त्याने. "आज असली नाटकं कुठे राहिली? आता नुसत्या केक भाजायच्या स्पर्धा. तेव्हा टीव्हीला काळीज होतं. गरिबाचं घर कसं असतं हे श्रीमंताला बघावं लागायचं." लोक हळहळले, कारण बोलत होता ते खरंच होतं. सगळ्यात जोरात टाळ्या मेव्हिसने वाजवल्या.

दिवे मालवले, नाटक सुरू झालं. अर्ध्या तासाने पडद्यावरच्या अधिकाऱ्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"थांबव," मेव्हिस म्हणाली. मी यंत्र थांबवलं. नट तोंड उघडून तसाच राहिला.

मेव्हिस उठली. "मिस्टर बर्टवेल, पुढचं वाक्य तुम्ही म्हणा. लढ्यात पुढे तुम्हीच होतात ना? पाठच असेल."

"अहो, चाळीस वर्षं होत आली..."

"मला पाठ आहे. लाव गं."

मी लावलं. नट बोलला, आणि त्याच्याबरोबर शब्दाला शब्द मिळवत, बर्टवेलकडे बघत मेव्हिस बोलली. "तुम्ही लोक श्वास फार घेता." मग म्हणाली, "हे या माणसाने माझ्या घरात उभं राहून म्हटलं. सात आठवड्यांनी माझी मुलगी गेली."

मग मागून एक म्हातारी बोलली, "चौथा मजला. मलाही हेच म्हणाला होता." भिंतीशी उभ्या असलेल्या एकाने हात वर केला. "माझ्या आईलाही."

बर्टवेल उठला. त्या रांगेत पंधरा माणसं बसली होती. एकानेही पाय आत घेतले नाहीत. तो माफ करा, माफ करा म्हणत, अडखळत दारापर्यंत गेला. प्रत्येकाला माफ करा म्हणाला, मेव्हिस सोडून.

नाटक आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. एका दृश्यात मागे जिन्यावर मेव्हिसच दिसली, पंचविशीची, हातात पिशवी. "किती बारीक होते मी," ती पुटपुटली.

"बारीक कसली," नोरा म्हणाली, "उपाशी होतीस."

साप्ताहिकाने त्याचं सदर बंद केलं. नव्या समाजमंदिराला त्याचं नाव द्यायचं चाललं होतं, तेही बारगळलं. महिन्याभराने त्याची मुलगी हिलरी मेव्हिसच्या दारात आली. मी तिथेच चहा पीत बसले होते.

"बाबा जेवत नाहीत," हिलरी म्हणाली. "सत्तरीचे आहेत हो. थोडासा गैरसमज झाला, एवढं छापायला सांगाल का?"

"तुझं वय काय?"

"अडतीस."

"माझी एकोणचाळीसची असती. चहा हवा तर देते. ते सांगणार नाही."

हिलरीने चहा घेतला नाही. ती गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "सूड घेऊन बरं वाटतं का गं?"

"फार बरं वाटतं," मेव्हिस म्हणाली. "वाटत नाही म्हणतात ते खोटं बोलतात."

बर्टवेल पुढे पाच वर्षं जगला. मंडईत तो शनिवारी यायचा. मेव्हिस जन्मभर शुक्रवारी जात आली होती. त्या नाताळानंतर तीही शनिवारी जायला लागली.