दुसरा गिअर पडेना

आमच्या ह्यांना गॅरेजवाल्यांत सगळे ‘रुमालवाले’ म्हणतात. का म्हणतात ते मीच सांगायला हवं, कारण रुमाल मी धुते. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लाल तेल असतं. गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची आणि थेंब पांढऱ्या रुमालावर टिपायचा. लाल उमटला तर ठीक. तपकिरी उमटून जळका वास आला, तर आतलं काहीतरी जळलंय. शेजारी चिंध्यांचं पोतं असतं, पण चिंधीवर म्हणे खरा रंग कळत नाही! लग्नात आलेले डझनभर रुमाल पहिल्या वर्षातच संपले. तेव्हा मी चिडले होते, अजूनही चिडते.

पस्तीस वर्षं झाली, हे जुन्या ऑटोमॅटिक गाड्याच बघतात. पहिला गिअरबॉक्स तीनदा उघडला आणि तिन्ही वेळा जोडून झाल्यावर एक वॉशर हातात उरला. चौथ्यांदा काही उरलं नाही, तर गाडीच्या मालकाला तिथेच उभं ठेवून मला सांगायला घरी धावत आले. असा हा माणूस. मी काय बोलणार, कप्पाळ?

ह्यांची कामाची एक पद्धत आहे. बॉनेट उघडायच्या आधी मालकाला गाडी चालवायला लावायची, आपण मागे बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं. ‘गिअर’, ‘ऑइल’ असले शब्द काढायचे नाहीत. घरी सांगाल तसं सांगा, म्हणतात. एक जण म्हणाला, “गाडी रुसते हो.” त्यावर हे दिवसभर खूश होते.

पण मास्तरीणबाईंच्या वेळी ही पद्धतच मोडली.

मास्तरीणबाई एकाहत्तर वर्षांच्या. डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, त्यामुळे क्लच दाबणं कधी जमलंच नाही. म्हणून त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी ही बिनक्लचची, लांब बॉनेटची, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली गाडी घेतली होती. यजमान गेले, गाडी राहिली. बाई एकट्या त्यातून हिंडायच्या.

गाडी आणली त्यांच्या मुलाने. पहिल्यातून दुसरा गिअर वेळेवर पडत नव्हता. इंजिन नुसतं ओरडत राहायचं आणि मग मागून कुणी लाथ घालावी तसा धक्का बसायचा. मुलगा स्वतः चालवत होता, स्वतःच बोलत होता. बाई बाजूला पर्स मांडीवर घेऊन गप्प. ह्यांनी तेल पाहिलं. रंग लाल, पण पातळी बरीच खाली. गाडीखाली दोन दिवस कागद पसरून ठेवले. एक थेंब सांडला नाही. “आधीच कुणीतरी कमी भरलं असेल,” म्हणाले आणि तेल भरून दिलं.

तीन आठवड्यांनी गाडी परत दारात. तेच ओरडणं, तोच धक्का, तेल पुन्हा कमी. खालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

“गिअरबॉक्स उघडावा लागेल,” हे म्हणाले. “पार्ट मिळायलाच दोन महिने.”

“मग राहू दे,” मुलगा म्हणाला. “शनिवारी एक जण गाडी बघायला येतोय, त्याला देऊन टाकतो. आई, फोन केला की टॅक्सी दारात येते. आता या वयात तुला गाडी हवीय कशाला?”

वाईट नव्हता तो. आईची काळजीच होती त्याला. पण ही गाडी गेली की त्यानंतर बाई कधी स्टिअरिंगला हात लावणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि बाईंना सगळ्यांत जास्त.

मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला, तशी त्या, मी गॅरेजात हिशेब लिहीत बसते त्या टेबलापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, “एक सांगू? माझी शेजारीण भांडते माझ्याशी. सकाळी गाडी सुरू केली की तिच्या दोरीवरच्या कपड्यांना वास लागतो, म्हणते. पांढरा धूर येतो मागून. मी मुलाला बोलले नाही. इंजिनही गेलं म्हणत हा आजच विकून टाकेल.”

अग बाई! मी तशीच उठले. “अहो, ऐकलंत का? गाडी धूर टाकते म्हणे, पांढरा!”

हे गाडीखालून इतक्या झटक्यात बाहेर आले की डोकं आपटलं. गिअरबॉक्सच्या अंगाला मुठीएवढी एक डबी असते. तिच्यापासून एक बारीक नळी इंजिनाकडे जाते. इंजिनाला किती जोर पडतोय ते त्या नळीतल्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं. ह्यांनी नळीचं इंजिनाकडचं टोक ओढून काढलं, रुमालाचा कोपरा पिळून आत सारला, बाहेर काढला. लालभडक!

डबीतली रबराची पडदी फाटली होती. इंजिन नळीतून तेल पीत होतं आणि धूर करून सोडत होतं. फरशीवर सांडणार कुठून? आणि गिअरबॉक्स बिचारा सपाट रस्त्यावरही चढण आहे असं समजून पहिलाच गिअर धरून बसत होता.

“चूक माझी आहे,” हे मुलाला म्हणाले, सगळ्यांसमोर. “गाडी बाई चालवतात, आणि मी विचारत बसलो तुम्हाला.”

हे वाक्य ऐकून माझा ऊर भरून आला. पस्तीस वर्षांत माझ्यासमोर एकदाही ‘चूक माझी’ म्हणाले नव्हते, तरीसुद्धा.

तसलीच डबी ह्यांच्या जुन्या पार्टांच्या खोक्यात निघाली, एका मोडीत काढलेल्या गाडीची. दुपारपर्यंत बसवून झाली. बाईंनी दार उघडलं, डावा पाय हाताने उचलून आत घेतला. मुलगा बाजूला बसायला निघाला, तर हे म्हणाले, “त्यांना एकट्यांना जाऊ द्या. एक चक्कर मारून येतील.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाई येईनात. त्यांचा फोन पर्समध्ये, पर्स माझ्या टेबलावर. मुलगा फाटकात येरझारा घालू लागला, मग ह्यांच्यावर घसरला. हे नुसते हात पुसत उभे. मीही दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, खोटं कशाला बोलू?

सव्वा तासाने गाडी आली.

“कुठे गेली होतीस आई?” त्याचा आवाज चिरकला होता.

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “कुणाकडे काम नव्हतं, काही आणायचं नव्हतं. म्हणून तर गेले.”

त्याने खिशातून फोन काढून शनिवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं आणि दाराशी वाकून विचारलं, “मला ऑफिसला उशीर झालाय. सोडशील?”

“बस,” बाई म्हणाल्या.