अक्कांचे चार दिवस

अक्का गेल्या तेव्हा मी डोंबिवलीला भावाकडे होते. कल्याणहून आमचा गडी सकाळच्या गाडीनं आला आणि ओटीवर न बसता अंगणातच उभा राहिला. त्या उभं राहण्यावरूनच मी काय ते समजले. तरी वेड्यासारखं विचारलं, "ताप उतरला का रे अक्कांचा?" तो मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरू लागला... त्याला आता सव्वा महिना झाला. अजूनही पहाटे जाग येते ती त्यांनी हाक मारली असं वाटून, आणि मग बराच वेळ आपण कुठल्या सालात आहोत तेच मला उमगत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी अकराव्या वर्षी या घरात आले, तेव्हा त्यांना विसावं लागलं असेल. अंगानं स्थूल, बोलायला गोड, आणि ऐन उन्हाळ्यातही पदर हनुवटीवरून घेऊन बसणाऱ्या. हनुवटीवर येणारे राठ केस त्या चिमट्यानं उपटत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पुढचं मासिकात लिहू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलं. मी लिहिणार आहे. ज्या गोष्टीपायी बाईच्या उरावर सवत येते ती बोलायची लाज, पण सवत आणायची लाज नाही, हा न्याय मला कधीच पटला नाही.

बाईचे ते चार दिवस आमच्या घरांतून लपून राहत नाहीत. ती मागच्या खोलीत दूर बसली की शेजारच्या पोरांनासुद्धा कळतं. अक्कांना ते दिवस महिनोन् महिने येत नसत. लग्नानंतर पहिल्यांदा असे तीन महिने गेले, तेव्हा सासूबाईंनी हर्षानं गर्भारणीला गुपचूप द्यायची हिरवी चोरचोळी शिवली आणि गुपित म्हणता म्हणता गल्लीभर झालं. पाचव्या महिन्यात सुइणीनं हात लावून पाहिलं आणि मान हलवली. पोटात काहीच नव्हतं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, हिरवी चोळी घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवली. "त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," असं अक्का पुढे मला म्हणाल्या. त्यानंतरच्या महिन्यापासून त्या नेमानं दूर बसू लागल्या. काही नसताना. चंद्राकडे बघून दिवस धरायचे आणि चार दिवस कोपऱ्यात बसून राहायचं. घराचं समाधान झालं. वैद्यबुवांनाही सांगण्यात आलं की महिना अगदी वेळेवर आहे. मग ते बिचारे शक्तीसाठी तूप, डिंकाचे लाडू आणि विश्रांती देत राहिले, आणि अक्का अधिकच जड होत गेल्या. अशी सहा वर्षं गेली. शेवटी सासूबाईंनी भिवंडीच्या एका मुलीची पत्रिका मागवली, ती जुळलीही. "अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघते," त्या म्हणाल्या. तेव्हा नुकताच भाद्रपद लागला होता.

आमच्याकडे मीठ घालायला खाडीकाठची मंजाय येई. त्यांच्या वस्तीतली बाळंतपणंही तीच करी. त्या आठवड्यात ती परसात मीठ मापत होती, मी सूप धरून उभी होते आणि अक्का मागच्या खोलीच्या दारात दूर बसल्या होत्या. मंजायनं त्या दिवसांतली फडकी वाळत घालायच्या दोरीकडे पाहिलं.

"तिसरा दिस ना गो तुजा? मंग दोरी रिकामी कशी?"

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. मंजाय माप खाली ठेवून जवळ सरकली, अगदी हळू बोलली. "औशद नाय माज्याकडं. दुपारची निज सोड. लाडू सोड, गोड सोड. भात येक मूद, बाकी नाचनीची भाकर, पाला, ताक. आनि चाल. रोज चाल. आमच्या बाया मिठागरात दिसभर पायावर असतान."

"मूल होईल?" अक्कांनी विचारलं.

"ता मी नाय सांगनार. आंग जागेवर येल, येवराच सांगते."

पण घरच्या सुनेनं रोज चालायला जायचं ते कुठल्या तोंडानं? अक्का भित्र्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांचं डोकं भलतंच चाललं. दुर्गाडीच्या देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं म्हणाल्या: तृतीयेपर्यंत रोज पहाटे अनवाणी दर्शनाला ये, गोड वर्ज्य कर, दिवसा झोपू नकोस. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांना कुंकू लावलं आणि सोबत म्हणून मला जुंपलं.

त्या पहाटा मला आता खऱ्या वाटत नाहीत. खाडीवर धुकं पसरलेलं असे आणि त्यातून गलबतांच्या डोलकाठ्या तेवढ्या वर आलेल्या. पुढे थंडी सरल्यावर लांबवर मिठाचे पांढरे ढीग दिसू लागले, ते जणू पाण्यावरच ठेवलेले. आम्ही बांधावरून चालत असू आणि बोलत नसू. पहिल्या दिवसांत अक्का दर झाडाखाली टेकत. संक्रांतीपर्यंत त्यांना गाठायला मला पळावं लागे. दंडातली वाकी कोपरापर्यंत उतरू लागली. खोटे चार दिवस मात्र सुटले नव्हते. त्या दिवसांत देवळाची वाट बंद, म्हणून त्या परसातच विहिरीपासून फणसापर्यंत येरझारा घालत... आणि दोरी रिकामीच राही.

तृतीयेला बारा दिवस उरले होते. नेहमीसारख्या आम्ही देवळापाशी पोचलो आणि अक्का खालच्या पायरीवर थबकल्या.

"द्वारके, तू वर जा. मला नाही येता यायचं."

मला वाटलं, काटा मोडला. त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडावर धरून हसू लागल्या. मग रडू लागल्या. "अगं, खरंच. या वेळी खरंच."

देवाच्या दारातून परत फिरताना इतकी सुखी झालेली बाई मी पुन्हा पाहिली नाही.

घरी येऊन त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या, तशा सासूबाई दारात आल्या. "आठ दिवसांपूर्वीच तर न्हालीस ना गं?" आता सुटका नव्हती. अक्का म्हणाल्या, "ते खोटं होतं. सहा वर्षांत बहुतेक वेळा खोटंच होतं. हे खरं."

"का?"

"तुमची भीती वाटायची."

सासूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, नाचणीची भाकरी ताटात घालून आणली आणि लांबूनच ताट सरकवलं. "जेव," म्हणाल्या. "भिवंडीची पत्रिका परत धाडते मी."

मूल अक्कांना झालं नाही. सवतही आली नाही. आणि नवसाची मुदत संपून वीस वर्षं होऊन गेली तरी त्यांचं चालणं थांबलं नाही. चालणं सुटलं की दिवस पुन्हा लांबत, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या.

परवा पहाटे मी एकटीच गेले. खालच्या पायरीवर जाऊन बसले. पुजाऱ्यानं वरून विचारलं, "बाई, दर्शन नाही का घ्यायचं?"

"आज इथूनच," मी म्हटलं.