शिक्षणाचा रकाना

आमच्या घरची अर्थमंत्री मी. मला कुणी निवडून दिलं नव्हतं. लेक पाचवीत असताना हिशेबाचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि माझी मीच शपथ घेतली. नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या फोनवरही ते टाकून दिलं. ज्याने खर्च केला त्याने तिथल्या तिथे नोंदवायचा, हा नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी पोहे झाले की मी लॅपटॉप टीव्हीला जोडते आणि वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये अधिवेशन भरतं. 'बाहेरचं खाणं' हा रकाना बहुतेक वेळा ठरलेली रक्कम ओलांडून लाल झालेला असतो. नवरा म्हणतो, "छान दिसतो तो रंग. राहू दे."

सासूबाई मात्र हे सगळं मनापासून करतात. त्या महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. नोकरी सांभाळून, सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांनी आधी दहावी दिली, मग बारावी. पेन्शन घरात देतात आणि स्वतःच्या पाच रुपयांचीही नोंद करतात. सॉफ्टवेअरने पुस्तकं आयतीच 'करमणूक' या रकान्यात घातली होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "पुस्तकं करमणूक कधीपासून झाली गं?" तेव्हापासून विजयादशमीला आणलेली पुस्तकं आमच्याकडे 'शिक्षण'मध्ये जातात.

यंदा लेक इंजिनीअर होऊन नोकरीला लागली. त्या रविवारी मी छोटंसं भाषण ठोकलं आणि 'शिक्षण' हा रकाना सर्वांसमक्ष काढून टाकला. जुन्या नोंदी कुठे टाकू, असं सॉफ्टवेअरने विचारलं. मी म्हटलं, 'इतर'मध्ये. सुटलेल्या पैशांत गाडीचा हप्ता आरामात बसत होता. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई रिकाम्या बशा उचलून आत गेल्या. एरवी पुस्तकांसाठी भांडणाऱ्या बाई आज गप्प कशा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी कणीक मळता मळता त्यांनी विचारलं, "काढलेला रकाना परत आणता येतो का गं?"

"कशाला? आता कोण शिकतंय आपल्याकडे?" मी फटकन बोलून गेले.

"नाही, आपलं असंच."

महिनाअखेरीला 'इतर'मध्ये नव्या नोंदींची रांग दिसली. माझं डोकं फिरलं, कारण 'इतर' म्हणजे नवऱ्याची लपायची जागा. उघडून बघते तर या महिन्याच्या सगळ्या नोंदी सासूबाईंच्या. बस, नारायण पेठ. पासपोर्ट फोटो, साठ रुपये. झेरॉक्स, बारा रुपये. परत बस, नारायण पेठ.

"आई, पेन्शनचं काही अडलंय का?"

कपाटातून, साड्यांच्या खालून, त्यांनी एक प्लॅस्टिकची फाईल काढली. आत मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची माहितीपुस्तिका, बारावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणि फोटो. पेठेतल्या केंद्रावर दोनदा जाऊन त्यांनी सगळी चौकशी केली होती. फक्त फी भरायची राहिली होती आणि सोमवार शेवटचा दिवस होता.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढलाच. "पेन्शन तुमची आणि परवानगी माझी?"

"पेन्शन घराची," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू रकानाच काढलास. मला वाटलं, आपल्या घराचं शिकणं झालं. आता या वयात माझ्या एकटीसाठी कुठे परत मांडायला लावू?"

मला लाज वाटली. बारा वर्षं मी या बाईंचा पैसा न् पैसा टीव्हीवर दाखवत होते, आणि त्यांना काय हवंय हे मला झेरॉक्सच्या नोंदीवरून कळलं होतं.

रविवारी आधी ऑनलाइन फी भरली, मग रकाना नव्याने केला. पण 'इतर'मध्ये मिसळलेल्या जुन्या नोंदी सॉफ्टवेअर आपोआप वेगळ्या करीना. एकेक निवडून हलवायची होती. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या: पाचवीची कंपासपेटी, आठवीची सहल, बारावीचा क्लास, इंजिनीअरिंगची पहिली फी. नातीचं आख्खं शिक्षण त्यांनी माझ्याकडून पुन्हा जागेवर लावून घेतलं. नवऱ्याने न सांगता चहा केला, बशीत बिस्किटंसुद्धा ठेवली. मला फार बरं वाटत होतं.

शेवटी त्यांच्या फीची नोंद केली आणि मी लॅपटॉप मिटायला घेतला. त्यांनी माझा हात धरला.

"थांब. माझे झेरॉक्सचे बारा रुपये अजून 'इतर'मध्येच आहेत."