आई आमच्याकडेच राहिल्या

मंडळी, कॉम्प्युटर रिकामा मिळाल्याबरोबर लिहायला बसलेय. आज आमच्या घरी फार छान गोष्ट घडली.

सासरे गेल्यावर सासूबाईंना, म्हणजे आईंना, आम्ही सायखेड्याहून इंदिरानगरला आणलं. पण त्यांचं मन इथे रमेना. "इथं मला काय काम हाय?" एवढंच म्हणायच्या. शेवटी त्यांनीच भावाला फोन केला, मला गावच्या घरी सोडायला ये. तिथे त्या एकट्या कशा राहतील, याचीच आम्हाला काळजी होती.

होळीनंतर मी त्यांना गच्चीवर माती भरलेल्या कुंड्या आणि दोडक्याचं बी दिलं होतं, तेवढाच विरंगुळा म्हणून. आज सकाळी त्यांचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, आले, तेव्हा त्या वर पाणी घालत होत्या.

"आक्का, चल, आवर," मामांनी जिन्यातूनच हाक मारली.

आई मातीच्या हातांनीच खाली आल्या. "आजच कोंब वर आलेत रे. आता ऊन लय वाढंल. मी गेले तर त्यांना कोण बघंल? तू जेवून जा. दोडके लागले की पोरांना घेऊन ये."

मामा हसत खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी डोळे पुसले, मग कणीक भिजवली.

आता आई वेलांना मांडव हवाय म्हणतात. गच्चीवर मांडव कसा उभा करायचा, कुणी सांगाल का?