माझाच चर, माझाच ॲक्सल

मंडळी, आज सकाळी मासळी आणायला बोर्लीला निघालो आणि घरापासून पन्नास पावलांवर गाडीचा पुढचा ॲक्सल मोडला. रस्त्यात आडवा चर आहे ना, त्यात डावं चाक दाणकन आदळलं. इंजिन चालू, गियर पडतोय, पण गाडी जागची हलेना.

शेजारच्या दामूकाकांच्या पिकअपला बांधून गॅरेजला नेली. मिस्त्री खाली वाकून बघून म्हणाला, "नवीन ॲक्सल टाकायला लागंल. मजुरी धरून साडेनऊ हजार."

म्हटलं, दुसऱ्या गाडीचा जुना बसव की!

"साडेचारात बसवतो. पण परत तुटला तर माझ्याकडं यायचं न्हाय."

माझं डोकंच फिरलं. तिथंच उभा राहून या ग्रुपवर टाकायला पोस्ट लिहिली. रस्ता खोदून तसाच सोडणाऱ्या माणसाला जे जे म्हणता येईल, ते सगळं लिहिलं.

काकांनी ती वाचली आणि म्हणाले, "अरे, गणपतीच्या आधी तुझ्या नळाचा पाइप टाकायला तूच खणलास ना तो चर? मी बोललो होतो, वर सिमेंट टाक. तर तू बोललास, गाड्या जाऊन जाऊन माती आपोआप बसंल."

पोस्ट पुसली. ॲक्सल नवीनच टाकायला सांगितला. काकांच्याच पिकअपमधून सिमेंटची गोणी घेऊन घरी आलो.

एवढ्या दिवसांत त्या चरात अजून कोणाकोणाची गाडी आदळली? शिव्या खुशाल इथंच घाला, मघाशी मीही घातल्याच होत्या. फक्त गॅरेजचं बिल पाठवू नका.